एनव्हायर्नमेंट व्हेरिएबल : व्याख्या, व्याप्ती आणि उपद्रव

प्रोग्रॅम सुरू होताना ऑपरेटिंग सिस्टिम त्याच्या हाती नाव आणि मूल्य यांच्या काही जोड्या ठेवते. अशा एका जोडीला एनव्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणतात. डेटाबेस कोणत्या मशीनवर आहे, तिथे कोणत्या नावाने आत जायचे, पासवर्ड काय, एसएमएस पाठवणाऱ्या कंपनीने दिलेली की कोणती, ही माहिती कोडमध्ये न लिहिता बाहेर ठेवायची आणि प्रोग्रॅमने ती तिथून उचलायची, असा हा शिरस्ता आहे. यांपैकी जी मूल्ये परक्याच्या हाती पडल्यास कंपनी अडचणीत येते, त्यांना सीक्रेट म्हणतात. सीक्रेटची मूळ पंचाईत अशी की ते प्रॉडक्शनच्या सर्व्हरला सांगावे लागते, स्टेजिंगच्या सर्व्हरला सांगावे लागते, टीममधल्या सातआठ जणांना सांगावे लागते आणि सोमवारी रुजू होणाऱ्या नव्या मुलाला तर जेवणाच्या सुट्टीआधी सांगावे लागते. इतक्यांना सांगूनही ते गुपित राहावे म्हणून जी धडपड चालते, तिला सीक्रेट्स मॅनेजमेंट असे भारदस्त नाव आहे आणि तिच्यासाठी स्वतंत्र बजेटही असते.

या व्हेरिएबलचा आजचा अवतार बेल लॅब्जमध्ये तयार झालेल्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत, १९७९ साली, अवतरला. वारशाचे नियम तेव्हाच ठरले. एका प्रोसेसने दुसरीला जन्म दिला की आईच्या सर्व व्हेरिएबलची एक प्रत मुलीला मिळते. मुलीने त्यात पुढे काहीही बदल केले तरी ते आईपर्यंत पोचत नाहीत. नियम सोपा आहे, चार ओळींत मावतो आणि जवळजवळ अर्धशतक तो बदललेला नाही. तरीही रोज कुठल्यातरी ऑफिसात एका टर्मिनलमध्ये व्हेरिएबल बदलले जाते, दुसऱ्या टर्मिनलमध्ये प्रोग्रॅम चालवला जातो आणि बदल दिसत नाही म्हणून शेवटी लॅपटॉप रीस्टार्ट केला जातो. रीस्टार्टनंतर पहिल्या टर्मिनलमधला बदलही नाहीसा होतो, त्यामुळे निदान दोन्हीकडे सारखेपणा येतो.

सगळीच व्हेरिएबल गुप्त नसतात. काही निरुपद्रवी असतात, किंवा तशी वाटतात. 'लँग' नावाच्या व्हेरिएबलमध्ये मशीनने कोणत्या भाषेत बोलावे हे लिहिलेले असते. लिनक्सवर तिथे भारतातल्या मराठीचा संकेत दिला, तर तारीख विचारल्यावर वार आणि महिना मराठीत येतो. ही सोय असूनही हिंजवडीपासून खराडीपर्यंत एकही डेव्हऑप्सवाला सर्व्हरवर ती वापरताना दिसत नाही. त्यात भाषाद्रोह नाही. रात्री चालणारी स्क्रिप्ट तारखेत इंग्रजी सोमवार शोधत असते, तिला 'सोम' सापडतो आणि आठवड्याचा बॅकअप राहून जातो. 'टीझेड' या व्हेरिएबलमध्ये घड्याळ कोणत्या देशाचे मानायचे ते असते. ते द्यायचे राहिले की सर्व्हर बहुधा ग्रीनिचच्या वेळेने चालतो आणि मध्यरात्री निघायचा रिपोर्ट साहेबांच्या फोनवर पहाटे साडेपाचला वाजतो.

नावे इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहायची आणि शब्दांमध्ये अंडरस्कोर घालायचा, एवढ्यावर जगभर एकमत आहे. त्यापुढे नाही. एकाच प्रकल्पात 'डीबी_होस्ट', 'डेटाबेस_होस्ट' आणि 'डीबी_होस्ट_न्यू' ही तिन्ही आढळली तर तिथे आजवर किमान तीन लीड होऊन गेले असे समजावे. यातले 'न्यू' सर्वांत जुने असते. युनिक्स लहान आणि मोठ्या अक्षरांत फरक करते, विंडोज करत नाही, त्यामुळे विंडोजच्या लॅपटॉपवर धडाक्यात चालणारी गोष्ट लिनक्सच्या सर्व्हरवर बसते. अशा प्रसंगी उच्चारायचे वाक्य ठरलेले आहे: "माझ्या मशीनवर चालतंय." हे वाक्य नेहमी खरे असते, म्हणूनच ते ऐकणाऱ्याला जास्त राग येतो.

मूल्यांच्या बाबतीत एकच नियम आहे: प्रत्येक मूल्य हा निव्वळ मजकूर असतो. आकडा लिहिला तरी तो मजकूर, हो किंवा नाही लिहिले तरी मजकूर. जावास्क्रिप्ट आणि पायथन या दोन्ही भाषा रिकामा नसलेला कोणताही मजकूर खरा मानतात. परिणामी 'डीबग' या व्हेरिएबलपुढे 'फॉल्स' लिहिले आणि तो मजकूर प्रोग्रॅमने तपासून न पाहता थेट वापरला, की डीबग चालू होतो. कोणीतरी शहाणा मग 'फॉल्स' पुसून तिथे शून्य लिहितो. शून्यही मजकूरच, त्यामुळे डीबग चालूच राहतो आणि ग्राहकांचे फोन नंबर लॉगमध्ये पडत राहतात. व्हेरिएबल लिहायचेच राहिले तर जावास्क्रिप्ट तक्रार करत नाही. त्या जागी ती 'अनडिफाइन्ड' हा शब्द घालते आणि प्रोग्रॅम अनडिफाइन्ड नावाच्या मशीनकडे श्रद्धेने पैसे मागत बसतो.

विशेष चिन्हांचे प्रकरण याहून नाजूक आहे. सुरक्षा विभागाच्या धोरणानुसार पासवर्डमध्ये किमान एक विशेष चिन्ह लागते. हॅश घातला तर फाइल वाचणाऱ्या अनेक लायब्रऱ्या त्याच्या पुढचा भाग शेरा समजून सोडून देतात. डॉलर घातला तर शेल पुढच्या अक्षरांना दुसऱ्या व्हेरिएबलचे नाव समजते आणि तसे व्हेरिएबल नसल्याने तिथे काहीच ठेवत नाही. अख्खा पासवर्ड अवतरणचिन्हांत घातला तर काही लायब्रऱ्या ती चिन्हे काढून टाकतात आणि काही ती पासवर्डचाच भाग मानतात. अशा रीतीने कोणत्याही चोराला न उघडणारा पासवर्ड तयार होतो, फक्त तो स्वतःच्या अॅपलाही उघडत नाही. शेवटी पासवर्ड अक्षरे आणि आकडे एवढ्यावर आणला जातो आणि धोरणाच्या कागदावर सही करून अपवाद मंजूर होतो.

मूल्य म्हणजे निव्वळ मजकूर, या नियमाला एक अपवाद मात्र होता आणि तो पंचवीस वर्षे कोणाच्या नजरेस आला नाही. बॅश या शेलमध्ये १९८९ पासून अशी चूक होती की व्हेरिएबलच्या मूल्यात फंक्शनच्या थाटाचा मजकूर लिहून पुढे एखादी आज्ञा जोडली, तर शेल ती आज्ञा मुकाट्याने पाळत असे. सप्टेंबर २०१४ मध्ये हे उघड झाले, त्याला शेलशॉक असे नाव पडले आणि जगभरच्या सर्व्हर सांभाळणाऱ्यांचा तो आठवडा घरच्यांना चांगला लक्षात राहिला.

सीक्रेट कोडमध्ये लिहू नये, एनव्हायर्नमेंटमध्ये ठेवावे, या विचाराचा जोरदार प्रचार २०११ च्या सुमारास हेरोकू कंपनीतल्या अॅडम विगिन्स यांच्या 'ट्वेल्व्ह-फॅक्टर अॅप' या मांडणीने केला. तिच्यातली कसोटी झकास आहे: तुमचा सगळा कोड या क्षणी जगासाठी खुला केला, तर एकही पासवर्ड उघडा पडणार नाही ना? या कसोटीला उतरणारा कोड प्रत्येक कंपनीत असतो. नोकरीच्या मुलाखतीत त्याचेच वर्णन ऐकवतात.

लॅपटॉपवर काम करताना दर वेळी वीसपंचवीस व्हेरिएबल हाताने भरणे शक्य नसते. म्हणून ती डॉट ईएनव्ही नावाच्या एका साध्या मजकुराच्या फाइलीत लिहून ठेवण्याची पद्धत आधी रूबीवाल्यांत आणि मग नोडवाल्यांत रुळली. ही फाइल वाचण्यासाठी नोडला वर्षानुवर्षे बाहेरची लायब्ररी लागत असे. २०२३ मध्ये, विसाव्या आवृत्तीच्या ओघात, नोड स्वतःच ती वाचायला शिकले. ही फाइल कोडचा इतिहास जपणाऱ्या गिटमध्ये जाऊ द्यायची नाही, त्यासाठी गिटइग्नोर नावाच्या यादीत तिचे नाव घालायचे. हे नाव फाइल एकदा गिटमध्ये जाऊन आल्यानंतर घातले तर त्याचा उपयोग होत नाही, कारण गिट आधीपासून ओळखीच्या फाइलींना ती यादी लावत नाही. बहुतेक प्रकल्पांत नाव नेमके तेव्हाच घातले जाते.

खरी फाइल गिटमध्ये नाही, तर नव्या माणसाला कोणती व्हेरिएबल लागतात हे कळावे कसे? यासाठी डॉट ईएनव्ही डॉट एक्झाम्पल अशी एक नमुना फाइल ठेवतात, तिच्यात नावे असतात आणि मूल्ये नसतात. नमुना फाइली दोन प्रकारच्या. पहिल्या प्रकारात दोन वर्षांपूर्वीची नऊ नावे असतात आणि आज लागतात एकतीस. दुसऱ्या प्रकारची फाइल इतकी अद्ययावत असते की तिच्यात प्रॉडक्शनचा पासवर्डही असतो.

मग उरतो फाइल पोचवण्याचा प्रश्न. विकीच्या पानावर 'लीडला विचारावे' असे लिहिलेले असते आणि लीडचे जे नाव तिथे आहे ते गृहस्थ बंगळुरूला गेलेले असतात. तासाभराने शेजारचा कोणी कळवळून चॅटवर अख्खी फाइल टाकतो आणि खाली लिहितो, "वापरून झाली की डिलीट कर हं." मेसेज डिलीट होतो. फाइल डाउनलोड्समध्ये, फोनच्या गॅलरीशेजारी आणि बहुधा क्लाउडच्या बॅकअपमध्ये राहते. नव्या मुलाला मात्र ती सापडतच नाही, कारण नावाच्या सुरुवातीला टिंब असले की मॅक आणि लिनक्स ती फाइल लपवतात.

"अरे, आली का फाइल?"

"फोल्डर रिकामाच दिसतोय."

"असं कसं? थांब, स्क्रीन शेअर करतो."

स्क्रीन शेअर होते, मीटिंगमधले सगळे सगळी मूल्ये शांतपणे बघतात आणि मीटिंग रेकॉर्ड होऊन केटीच्या, म्हणजे नॉलेज ट्रान्सफरच्या, फोल्डरमध्ये कायमची जमा होते.

सीक्रेट फुटण्याचा राजमार्ग अजूनही गिटच आहे. गिटचा स्वभाव काहीही न विसरण्याचा. पासवर्ड चुकून कमिट झाला, लक्षात आल्यावर काढून टाकला आणि पुन्हा कमिट केला, तरी आधीचा कमिट जसाच्या तसा इतिहासात राहतो. नव्या कमिटला 'पासवर्ड काढला' असा स्वच्छ मथळा दिला जातो, त्यामुळे शोधणाऱ्याला नेमका त्याच्या आधीचा कमिट उघडायचे कळते. इतिहास धुऊन काढणारी अवजारे आहेत, पण तोवर ज्यांनी प्रत उतरवून नेली त्यांच्या मशीनपर्यंत ती पोचत नाहीत. फुटलेली की रद्द करून नवी काढणे, हा एकच उपाय लागू पडतो. नव्या की साठी पाच टीमना मेल करावा लागतो, त्यामुळे तो सर्वांत शेवटी करतात.

नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी २०१९ मध्ये गिटहबवरच्या उघड्या कोडचा धांडोळा घेतला. एक लाखाहून अधिक रिपॉझिटरींमध्ये सीक्रेट सापडली आणि रोज हजारोंच्या संख्येने नवी भर पडताना दिसली. त्यांना ती ओळखता आली, कारण कित्येक कंपन्यांच्या की ठरावीक अक्षरांनी सुरू होतात. अॅमेझॉनच्या क्लाउडची कायमस्वरूपी की 'एकेआयए' या चार अक्षरांनी सुरू होते, पैसे घेणाऱ्या स्ट्राइपच्या की मध्ये 'लाइव्ह' असे सरळ लिहिलेले असते. ही ठरावीक अक्षरे राखण करणाऱ्या यंत्रांच्या सोयीची आहेत आणि चोरांच्या यंत्रांच्याही. गिटहब आता अशी अक्षरे दिसली की पुश अडवू शकते. अडवल्यावर 'ही फक्त टेस्टिंगची आहे' असे कारण निवडून पुढे जाण्याची सोयही तिथे दिलेली आहे.

नामांकित उदाहरणांत उबरचे प्रकरण अभ्यासक्रमात लावण्याजोगे आहे. २०१४ मध्ये त्यांची एक की गिटहबवर उघड्यावर राहिली आणि पन्नास हजारांहून अधिक चालकांची माहिती गेली. २०१६ मध्ये की उघड्यावर नव्हती, खासगी रिपॉझिटरीत होती. हल्लेखोर त्या खासगी जागेत शिरले, कोडमध्ये अॅमेझॉनची की पडलेली मिळाली आणि तिच्या आधारे ५ कोटी ७० लाख प्रवासी आणि चालकांची माहिती त्यांनी उचलली. कंपनीने त्यांना एक लाख डॉलर दिले आणि चूक शोधून दिल्याबद्दलचे बक्षीस अशी त्याची नोंद केली. बातमी नोव्हेंबर २०१७ मध्ये फुटली. हे दडवल्याबद्दल तेव्हाचे सुरक्षाप्रमुख २०२२ मध्ये दोषी ठरले. एवढ्या व्यापात जे गुपित खरोखर गुपित राहिले, ते चोरी झाल्याचे होते, आणि तेही एकच वर्ष.

टोयोटाचा किस्सा याच्या उलट, शांत प्रकृतीचा आहे. गाडीला इंटरनेटशी जोडणाऱ्या टी-कनेक्ट सेवेच्या कोडचा काही भाग एका कंत्राटदाराने डिसेंबर २०१७ मध्ये गिटहबवर सर्वांसाठी खुला ठेवला. त्यात ग्राहकांच्या माहितीच्या सर्व्हरची की होती. ती सप्टेंबर २०२२ पर्यंत, म्हणजे पावणेपाच वर्षे, तिथेच होती आणि २,९६,०१९ ग्राहकांचे ईमेल पत्ते त्या काळात उघडे राहिले. जगासमोर ठेवलेली वस्तू मालकालाच पाच वर्षे दिसू नये, याला पारदर्शकता म्हणतात. खुद्द गिटहबचाही नंबर मार्च २०२३ मध्ये लागला. लाखो डेव्हलपरांची मशीन गिटहबला ज्या खासगी की वरून ओळखतात, तीच थोडा वेळ एका उघड्या रिपॉझिटरीत दिसली आणि एका रात्रीत बदलावी लागली. दुसऱ्या दिवशी जगभरच्या टर्मिनलवर मोठ्या अक्षरांत धोक्याची सूचना झळकली आणि बहुतेकांनी ती न वाचता जुनी नोंद पुसून टाकली.

एनव्हायर्नमेंटमध्ये ठेवले म्हणजे सुरक्षित झाले, या समजाला २०२१ मध्ये धक्का बसला. कोडच्या चाचण्या किती भागाला पोचतात ते मोजणाऱ्या कोडकव्ह कंपनीची एक छोटी स्क्रिप्ट हजारो कंपन्यांच्या बिल्ड मशीनवर चालत असे. जानेवारी अखेरीस कोणीतरी त्या स्क्रिप्टमध्ये एक ओळ घुसवली. ती ओळ मशीनवरची सगळी एनव्हायर्नमेंट व्हेरिएबल गोळा करून परस्पर बाहेर पाठवू लागली. दोन महिने हे चालले. एका ग्राहकाने १ एप्रिलला डाउनलोड केलेल्या फाइलचा चेकसम प्रसिद्ध केलेल्या चेकसमशी ताडून पाहिला आणि तो जुळेना. चेकसम छापलेला असतो सगळीकडे, पण तो खरोखर ताडून पाहणारा माणूस सॉफ्टवेअरच्या इतिहासात विरळाच, त्याचा सत्कार झाल्याची नोंद नाही. बाधित ग्राहकांमध्ये हॅशिकॉर्प होती. व्हॉल्ट हे सीक्रेट सांभाळण्याचे प्रसिद्ध सॉफ्टवेअर ज्या कंपनीने बनवले ती हीच, आणि तिलाही आपली सही करण्याची की बदलावी लागली.

काही सीक्रेट फुटत नाहीत, ती समारंभपूर्वक वाटली जातात. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या कोडला सर्व्हरची व्हेरिएबल दिसत नाहीत. दिसावीत असे वाटले तर नेक्स्ट या फ्रेमवर्कमध्ये नावाच्या सुरुवातीला 'नेक्स्ट_पब्लिक' जोडावे लागते. पब्लिक हा शब्द मुद्दाम ठेवलेला आहे. तरीही पेमेंटची गुप्त की ब्राउझरपर्यंत का येत नाही म्हणून दुपारभर डोके खाजवलेल्या माणसाला हा उपाय सापडतो, तो पब्लिक लिहितो, पेमेंट चालते आणि टीम टाळ्या वाजवते. ग्राहकांपैकी ज्याला एफ-ट्वेल्व्हचे बटण माहीत आहे तो आता ती की वाचू शकतो.

सर्व्हरांचा ताफा सांभाळणाऱ्या कुबरनेटीसची गोष्ट आणखी मजेची. तिथे सीक्रेट नावाची स्वतंत्र वस्तूच आहे, पण तिच्यातले मूल्य बेस सिक्स्टीफोर या पद्धतीने फक्त वेगळ्या अक्षरांत लिहिलेले असते. कोणीही एका आज्ञेत ते पूर्ववत वाचू शकतो आणि वेगळी तजवीज केली नाही तर साठवणीतही ते तसेच, कुलपाविना पडून असते. मात्र अशा मजकुराच्या शेवटी अनेकदा बरोबरचे चिन्ह येते आणि ते दिसले की मीटिंगमध्ये "एन्क्रिप्टेड आहे" असे सांगणाऱ्याच्या आवाजात आत्मविश्वास येतो. जावाने तर खाका वर केल्या आहेत. विश्वासार्ह प्रमाणपत्रांच्या तिच्या साठ्याचा मुळातला पासवर्ड वर्षानुवर्षे 'चेंजइट' हा राहिला, म्हणजे 'हा बदला'. पिढ्यानपिढ्या डेव्हलपर तो वाचत, टाइप करत आणि पुढे जात आले.

या सगळ्यावर शास्त्रशुद्ध तोडगा म्हणजे सीक्रेटसाठी वेगळी तिजोरी. २०१५ मध्ये आलेले व्हॉल्ट हे तिचे ठळक उदाहरण. ती रीस्टार्ट झाली की बंद अवस्थेत उठते आणि उघडण्याच्या की चे पाच तुकडे करून पाच जणांकडे दिलेले असतात. त्यांपैकी कोणतेही तीन एकत्र आले की तिजोरी उघडते, दोघांना मिळून मात्र तिळमात्र कळत नाही. हे गणित आदी शमीर यांनी १९७९ मध्ये, म्हणजे एनव्हायर्नमेंट व्हेरिएबल आली त्याच वर्षी मांडले. गणितात खोट नाही. व्यवहारात तिजोरीची गत हाउसिंग सोसायटीच्या बँक खात्यासारखी होते, जिथे दोन सह्या लागतात, अध्यक्ष मुलाकडे न्यू जर्सीला गेलेले असतात, खजिनदार फ्लॅट विकून मोकळे झालेले असतात आणि लिफ्ट बंद असते. पहाटे तीनला सर्व्हर रीस्टार्ट झाल्यावर पाच तुकडेधारकांपैकी दोघांनी कंपनी सोडल्याचे, एक जण विमानात असल्याचे आणि चौथ्याने आपला तुकडा तिजोरीतच जपून ठेवल्याचे निष्पन्न होते.

तिजोरी उघडी असली तरी प्रोग्रॅमने तिच्याकडे सीक्रेट मागताना स्वतःची ओळख पटवावी लागते, त्यासाठी एक टोकन लागते आणि ते टोकनही सीक्रेटच असते. ते कुठे ठेवायचे? सर्वाधिक प्रचलित उत्तर: एनव्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये. या चक्रातून खरी सुटका करणारा मार्ग एकच दिसतो. मशीनची ओळख क्लाउडने स्वतः पटवायची आणि तासाभरात आपोआप मरणारी की द्यायची, म्हणजे जपून ठेवायला कायमचे काही उरत नाही. मोठ्या क्लाउड कंपन्यांनी ही सोय कधीच केलेली आहे. ती लावायला दोन दिवस लागतात आणि दर स्प्रिंटमध्ये ती पुढच्या स्प्रिंटवर जाते.

की ठरावीक काळाने बदलत राहाव्यात, याला रोटेशन म्हणतात. बिल्ड आणि चाचण्यांची सेवा देणाऱ्या सर्कलसीआयने ४ जानेवारी २०२३ रोजी आपल्या सर्व ग्राहकांना कळवले की आमच्याकडे ठेवलेली सगळी सीक्रेट तातडीने बदला. असा निरोप आला की पहिला प्रश्न 'बदलायची कशी' हा नसतो, 'आहेत किती' हा असतो. एरवी रोटेशनचा मुहूर्त कोणी नोकरी सोडली की यायला हवा. नोटीस पिरियडच्या शेवटच्या दिवशी केक कापला जातो, लॅपटॉप आणि आयडी कार्ड परत घेतले जाते, चार्जर नसल्याबद्दल पैसे कापले जातात. पासवर्डांबद्दल कोणी काही विचारत नाही. उलट घडते तेव्हा कळते: गेलेल्या माणसाने की स्वतःच्या खात्यावर काढलेली असते, एचआर ते खाते शुक्रवारी संध्याकाळी बंद करते आणि शनिवारी सकाळी पेमेंट थांबतात.

राहता राहिली व्हेरिएबलची निवृत्ती. भर घालणारे सगळे आणि काढणारा कोणी नाही, त्यामुळे प्रत्येक जुन्या प्रकल्पात दहाबारा व्हेरिएबल अशी असतात की ती कशाला आहेत ते कोणालाच सांगता येत नाही. कोडमध्ये शोधून नाव सापडत नाही म्हणावे, तर ते दोन तुकडे जोडून ऐन वेळी तयार केलेले असू शकते. यासाठी उद्योगात मान्य झालेल्या पद्धतीला स्क्रीम टेस्ट म्हणतात. व्हेरिएबल काढायचे आणि बोंब कुठून येते ते बघत बसायचे. दोन आठवडे शांततेत गेले की ते निरुपयोगी ठरवून कायमचे पुसतात. जे काम वर्षातून एकदाच, ३१ मार्चच्या रात्री चालते, त्याची बोंब या मुदतीत येत नाही. ती १ एप्रिलला सकाळी अकाउंट्सकडून येते आणि पहिला तासभर कोणी ती मनावर घेत नाही.